काळी टेप गुंडाळली म्हणजे काम झालं का?

श्रावण लागला की या सदराच्या पत्रांचा विषय आपोआपच बदलतो. पंखा आवाज करतो, गीझर गरम होत नाही हे सगळं मागे पडतं आणि झालर, माळा, मंडपाचे लाईट सुरू होतात. इंदूरचा गणपती म्हणजे भर पावसातला सण, त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर टाकून फक्त बाहेरच्या लाईटचेच घेतलेत, आणि पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय कारण ते वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही रामबागेत राहतो, जुनं दुमजली घर आहे, वर गॅलरीला लोखंडी कठडा. मागच्या गणपतीत तीन माळा एकमेकींना जोडून कठड्याला गुंडाळल्या होत्या, जोडांवर काळी टेप लावली आणि वरून पन्नी घालून रबर बांधलं. चौथ्या दिवशी रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी सासूबाईंनी ओला टॉवेल कठड्यावर टाकला तर त्यांच्या हाताला झिणझिण्या आल्या. माळा तर व्यवस्थित चालू होत्या, एमसीबीही पडला नव्हता. मग करंट आला कुठून? आणि यंदा काय करायचं? (एक वाचक, रामबाग)

उत्तर : ताई, पहिली गोष्ट म्हणजे सासूबाई थोडक्यात वाचल्या, त्यांना माझा नमस्कार सांगा. कोरडी चप्पल पायात असेल किंवा फरशी तेवढी ओली नसेल म्हणून झिणझिण्यांवर निभावलं. ओल्या हाताने आणि ओल्या अनवाणी पायाने माणसाच्या शरीराचा रोध हजारेक ओहमपर्यंत खाली येतो, आपल्याकडे व्होल्टेज २३०, म्हणजे दोनशेच्या वर मिलिअँपिअर शरीरातून जाऊ शकतात, आणि हृदयाची लय बिघडवायला ३० ते ५० सुद्धा पुरतात. दहा-पंधराच्या वर गेलं की हाताची मूठच उघडत नाही, माणूस चिकटतो म्हणतात ते हेच.

आता एमसीबी का पडला नाही. तो बिचारा त्यासाठी नाहीच. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअरच्या वर गेल्यावरच तो विचार करायला लागतो, तो तारा जळू नयेत म्हणून आहे, माणूस वाचावा म्हणून नाही. माणसासाठी वेगळं यंत्र असतं, आरसीसीबी, त्याच्याबद्दल पुढच्या प्रश्नात लिहिलंय, ते नक्की वाचा.

करंट आला तो जोडातून. काळी पीव्हीसी टेप ही इन्सुलेशन टेप आहे, पाणी अडवणारी टेप नाही, हे आपण सगळे विसरतो. तिचा गोंद उन्हात पातळ होतो, थंडीत सुटतो आणि गुंडाळीच्या प्रत्येक पदराखालून पाणी आत सरकतं. आणि वरची पन्नी तर त्याहून वाईट! माझ्याच घरी एकदा दिवाळीनंतर मी अशी पन्नी खाली उतरवली, मुलांनी जत्रेतून पिशवीत मासा आणावा तशी ती पाण्याने अर्धी भरलेली, जोड आत बुडालेला, टेप सोडली तर तांब्याची तार हिरवी पडून हाताने मोडत होती. पन्नीत पाणी वरून तारेच्या बाजूने उतरतं, खालून बाहेर जायला वाट नसते, आणि पाऊस नसला तरी रात्री आतली हवा गार होऊन दहिवर सुटतं ते वेगळंच. तेव्हापासून मी एकच सांगतो, पाण्याला अडवायच्या मागे लागू नका, त्याला वाट द्या. ते येणारच आहे, फक्त जोडापाशी थांबायला नको.

म्हणून यंदा असं करा. आधी जोड कमी करा, तीन छोट्या माळांपेक्षा एक लांब घेतली तर दोन जोड जन्मालाच येत नाहीत. माळ कठड्याला गुंडाळायचीच नाही, लोखंडाला टेकलेली माळ म्हणजे एक सालपट निघालं की कठडा जिवंत. छज्ज्याच्या खाली नायलॉनची दोरी ताणा आणि माळ तिच्यावर सोडा, खिळ्याने किंवा स्टेपलने अजिबात ठोकू नका. जो जोड टाळता येत नाही तो छज्ज्याखाली, भिंतीला न टेकता, माणसाच्या हातापेक्षा उंच. आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना तारेला खाली वाकवून एक झोळ द्यायचा, पाणी तारेवरून घरंगळत येतं आणि झोळाच्या तळाशी टपकून जातं, जोडापर्यंत चढत नाही. प्लगपाशीही तसंच, तार आधी सॉकेटच्या खाली गेली पाहिजे आणि मग वर येऊन प्लगमध्ये. एवढ्या झोळाने जे काम होतं ते अर्धं बंडल टेपने होत नाही, आणि त्याला पैसाही लागत नाही.

जोड करायची पद्धत: आधी प्लग काढून घ्या, नुसता खटका बंद नको. जुनी तार हिरवी किंवा काळी दिसली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे छाटत जा, कारण बारीक तारांच्या मधून पाणी वातीत तेल चढावं तसं सालाच्या आत वीतभर सुद्धा जातं, वरून कळत नाही. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) यांचे जोड समोरासमोर करू नका, दोन बोटं पुढेमागे ठेवा म्हणजे टेप सुटली तरी एकमेकांना भिडणार नाहीत. तारा घट्ट पीळ द्या, जमत असेल तर सोल्डर करा. मग हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आकसून बसणारी नळी), पण साधी नाही, आत गोंद असलेली मागायची, महारानी रोडवर मिळते, गरम केली की दोन्ही टोकांतून गोंद किंचित बाहेर येतो, तो दिसला म्हणजे बंद झालं असं समजा. (पीळ द्यायच्या आधी ट्यूब तारेत ओवून घ्यायची, हे निम्मे लोक विसरतात आणि मग जोड परत सोडतात.) ट्यूब नसेल तर सेल्फ फ्यूजिंग रबर टेप, तिला गोंद नसतो, ती दुप्पट ताणून अर्धा पदर चढवत गुंडाळायची, थोड्या वेळात सगळी एकजीव होते, सुरीनेच निघते. तिच्यावर मग तुमची ती काळी टेप चालेल, कारण रबराला ऊन सोसत नाही.

आणि सिलिकॉन लावणारे पुष्कळ आहेत म्हणून सांगतो, ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते तांब्यावर नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. दुकानात न्यूट्रल मागा.

प्रश्न : आमच्याकडे आरसीसीबी बसवलेला आहे. बाहेरच्या लाईट लावल्या की पावसात हमखास पडतो, पूर्ण घराची वीज जाते. इलेक्ट्रिशियन म्हणाला की आरसीसीबी फारच नाजूक आहे, सणापुरता बायपास करून देतो. करू का? (एक वाचक, सुदामा नगर)

उत्तर : नाही! हात जोडून सांगतो, करू नका. वरचं पत्र वाचा, त्या घरात हे यंत्र असतं तर बहुधा पहाटे पावसातच पडलं असतं आणि सासूबाईंनी टॉवेल टाकेपर्यंत कठडा मेलेला असता.

आरसीसीबी काय करतो तर फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का हे सतत मोजतो. कमी आला म्हणजे मधेच कुठेतरी गळतोय, ओल्या भिंतीतून, कठड्यातून नाहीतर माणसातून. घरचा ३० मिलिअँपिअरचा असतो, १५ ते ३० च्या मधे कधीतरी पडतो, आणि ३० ला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पडायलाच हवा, मोठी गळती असेल तर त्याहून कितीतरी लवकर. म्हणजे तो पडतोय याचा अर्थ तो नाजूक आहे असा नाही, तुमच्या माळेतून तेवढा करंट खरोखर बाहेर जातोय असा आहे. त्यातही पहिला पाऊस जास्त त्रास देतो कारण वर्षभराची धूळ जोडांवर बसलेली असते आणि ओली धूळ चांगलीच वाहक.

गुन्हेगार शोधायला फार काही लागत नाही. पाऊस थांबला की, ओलं असतानाच, कोरड्या हाताने आणि रबरी चप्पल घालून बाहेरच्या सगळ्या माळांचे प्लग काढा, आरसीसीबी वर करा, मग एकेक प्लग लावत जा. ज्याने पडला तो बाजूला. कधी कधी एकटी कुठलीच माळ पाडत नाही पण चार मिळून पाडतात, थोडी थोडी गळती बेरजेत जाते, तेव्हा चारही तपासायच्या. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर घरातलंच काहीतरी, नाहीतर वायरिंग करताना दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल यात मिसळलाय, आणि तिथे लायसन्सवालाच माणूस बोलवा, तो ५०० व्होल्टच्या मेगरने तारेचं इन्सुलेशन मोजून देईल, १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती तार काढायचीच.

पूर्ण घर अंधारात जातं ही तुमची अडचण खरी आहे, त्यावर उपाय म्हणजे बाहेरच्या लाईटसाठी वेगळा छोटा आरसीसीबी. खर्च आहे, पण एकदाच. आणि त्यावर टी लिहिलेलं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबून बघत जा, दाबल्यावर पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे.

प्रश्न : डब्यावर वॉटरप्रूफ, आयपी ६५ लिहिलेली माळ घेतली, तीन दिवसांत बंद. फसवणूक समजायची का? (एक वाचक, स्नेहलतागंज)

उत्तर : कदाचित हो, कदाचित नाही. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही, दुसरा पाण्याचा. ४ म्हणजे चहूकडून उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे नळीची धार, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालेल. म्हणजे आयपी ४४ ची माळ छज्ज्याखाली ठीक आहे, उघड्यावर ६५ घ्या.

पण ही परीक्षा वस्तू कारखान्यातून निघाली तशीच्या तशी असते. तुम्ही मधे कापून तार वाढवली, की त्या जागेला आयपी काहीच राहत नाही, तुमचा जोड जसा असेल तसं. आणि माळेच्या सुरुवातीला ती छोटी डबी असते ना, बटण दाबलं की कधी पळते कधी लुकलुकते, ती डबी आणि प्लग बहुतेक माळांमध्ये वॉटरप्रूफ नसतातच, आकडा फक्त दिव्यांचा असतो. माझा अंदाज आहे तुमची डबी गेली, माळ नाही. ती डबी घरात ठेवा, फक्त दिवे बाहेर.

प्रश्न : गच्चीच्या कडेला १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावली, अडॅप्टर खाली जिन्यात. पट्टीचा शेवट मंद लागतो आणि यंदा पहिल्या पावसातच कनेक्टर हिरवा पडला. १२ व्होल्ट आहे म्हणजे धोका नाही ना? (एक वाचक, राजेंद्र नगर)

उत्तर : झटक्याचा धोका नाही, अडॅप्टर चांगल्या प्रतीचा असेल आणि कोरड्यात असेल तर. हलक्या अडॅप्टरमध्ये आतलं इन्सुलेशन फाटून २३० इकडे येऊ शकतं, म्हणून तो जिन्यात आत ठेवलात ते फारच छान केलंत. पण आगीचा धोका १२ व्होल्टमध्येही आहे. हिशोब बघा, मीटरला १४.४ वॉटची पाच मीटर पट्टी म्हणजे ७२ वॉट, १२ ने भागलं की ६ अँपिअर. तेवढेच ७२ वॉट २३० वर तिसरा हिस्सा अँपिअर सुद्धा घेत नाहीत. हिरव्या पडलेल्या कनेक्टरचा रोध वाढतो, त्यातून ६ अँपिअर जातात, तो तापतो, प्लास्टिक वितळतं.

मंद होण्याचं कारणही तेच ६ अँपिअर. जिन्यापासून गच्चीपर्यंत दहा मीटर तार असेल, तर जाऊन येऊन वीस, १.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम, म्हणजे पाव ओहम धरा, गुणिले ६, दीड व्होल्ट वाटेतच खपले. त्यापुढे पट्टीच्या आतली तांब्याची पातळ पट्टी आणखी खाते. जाड तार घाला किंवा पट्टीला दोन्ही टोकांनी सप्लाय द्या, किंवा पुढच्या वेळी २४ व्होल्टची घ्या, करंट निम्मा होतो.

तो दाबून बसवायचा प्लास्टिकचा कनेक्टर उघड्यावर टिकतच नाही. पट्टी कापाल तिथे तारा सोल्डर करा, पट्टीवरच्या पारदर्शक नळीचं तोंड न्यूट्रल सिलिकॉनने भरून टोपी बसवा आणि एक दिवस सुकू द्या. तारांचा पुढचा जोड छोट्या जंक्शन बॉक्समध्ये, तारा बॉक्सच्या खालच्या बाजूने ग्लँडमधून (तारेभोवती घट्ट बसणारं बूच) आत, वरून कधीच नाही, आणि तळाला एक बारीक भोक, आतला दमटपणा बाहेर पडायला. हो, वॉटरप्रूफ बॉक्सला भोक पाडायला लोकांचा हात धजत नाही. पण भोक नसलेले बॉक्स मी उघडलेत, आत पाणी साचलेलं असतं आणि मुंग्यांनी मातीचं घर केलेलं असतं.

प्रश्न : काका, आम्ही मालवा मिल भागातली मुलं, अनंत चतुर्दशीच्या झांकीचं (मिरवणुकीतल्या देखाव्याचं) लाईटचं काम करतो. ट्रॉलीवर जनरेटर असतो. सगळ्या लाईन आरसीसीबीवर घेतल्या तर निश्चिंत राहता येईल का? (एक कार्यकर्ता)

उत्तर : बाळांनो, तुम्ही हा प्रश्न विचारलात याचाच मला फार आनंद झाला. या झांक्या गिरण्यांच्या, त्यातली हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली, एकेक करत बाकीच्याही गेल्या, तरी झांक्या अजून रात्रभर निघतात त्या तुमच्यासारख्यांमुळे. आणि त्या लोखंडी गाड्यांवर देव बनून लहान लेकरं बसलेली असतात, तेव्हा नीट ऐका.

नुसता आरसीसीबी लावून निश्चिंत होता येत नाही. छोट्या जनरेटरमध्ये बरेचदा न्यूट्रल त्याच्या बॉडीला जोडलेला नसतो, लोंबकळता असतो. मग एखादी तार ट्रॉलीच्या लोखंडाला लागली तरी करंटला परत जायला वाट नसते, आरसीसीबीला फरक दिसत नाही, तो पडत नाही. पहिल्या दोषाला काही होत नाही म्हणून कोणाला कळत नाही, दुसरी तार कुठेतरी सुटली की मग एकदम होतं. त्यासाठी न्यूट्रल, जनरेटरची बॉडी आणि ट्रॉलीचं लोखंड एकमेकांना आरसीसीबीच्या आधी, जनरेटरच्या बाजूला जोडावं लागतं. हे काम तुम्ही स्वतः करू नका, लायसन्सवाल्याकडून करून घ्या आणि निघायच्या आधी त्याला प्रत्येक लाईनवर आरसीसीबी तपासायच्या टेस्टरने (आपला पेटणारा स्क्रूड्रायव्हर नव्हे) तो पाडून दाखवायला सांगा. नुसतं टी बटण दाबून दाखवलं तर मानू नका, ते बटण आतल्या आत चाचणी करतं, ट्रॉलीचं लोखंड जोडलंय की नाही हे त्याला कळत नाही.

बाकी गाडी हलते, म्हणून जोडांवर ओढ येते. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना केबल क्लिपने बांधा, ताण क्लिपवर यावा, जोडावर नाही. पीळदार पातळ वायर नको, तीन कोअरची गोल रबरी केबल घ्या. जोडायला निळे इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट मिळतात झाकणवाले, आयपी ४४, ते घ्या आणि ट्रॉलीच्या तळावर ठेवू नका, गुडघ्याच्या वर बांधा, पाऊस आला की तळाला आधी पाणी साचतं. शक्य असेल तिथे, निदान मुलं बसतात त्या भागात, २४ व्होल्टचेच लाईट ठेवा.

प्रश्न : दिवाळीत तर पाऊस नसतो, मग आकाशकंदील आणि तुळशीवरची माळ यांनाही एवढं सगळं करायचं का? (एक आजी, लोकमान्य नगर)

उत्तर : आजी, एवढं नाही. कंदिलाचं वजन तारेवर न टाकता सुतळीवर टाका, होल्डरला वरून येणाऱ्या तारेला झोळ द्या, आणि बल्ब एलईडीचाच, म्हणजे कागद तापणार नाही. दिवाळीत पाऊस नसला तरी पहाटे दहिवर पडतं, तेवढंही जोडाला पुरतं.

माझी खरी काळजी तुळशीची आहे. पहाटे अंधारात तुम्ही अंगणात सडा घालणार, वृंदावनाला पाणी घालणार, प्रदक्षिणा घालणार, तेही अनवाणी, आणि त्याच वृंदावनाला २३० व्होल्टची माळ गुंडाळलेली. तुळशीपाशी बॅटरीवरची माळ लावा, स्वस्त मिळते, किंवा पणत्याच लावा. तरी साधी माळ लावलीच असेल तर पाणी हातात घ्यायच्या आधी तिचा प्लग काढायचा, खटका बंद करून भागणार नाही, कारण जुन्या घरांत कधी कधी खटका फेजच्या ऐवजी न्यूट्रलवर असतो, दिवे विझतात पण माळेत करंट तसाच उभा असतो. नातवाला सांगा, खटका बंद करून सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लावून बघ, एकातही पेटला तर दिवाळीच्या आधी तो बोर्ड बदलून घ्या.